ग्राफीनओएसवर अ‍ॅप्स कशी बसवली: माझा अनुभव

गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस (अँड्रॉइडवर आधारलेली, सुरक्षिततेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बसवलं की फोन जवळजवळ रिकामाच असतो. व्हॅनेडियम ब्राउझर, कॅमेरा, गॅलरी, पीडीएफ वाचायचं अ‍ॅप आणि त्यांचं स्वतःचं छोटं अ‍ॅप स्टोअर, साधारण एवढंच. गूगलचं काहीच नसतं. म्हणून अ‍ॅप्स शोधायच्या आधी मी गूगल प्ले कुठे ठेवायचं ते ठरवलं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

इथे प्ले सर्व्हिसेसना (नोटिफिकेशन्ससारख्या कामांसाठी बरीच अ‍ॅप्स ज्यावर अवलंबून असतात तो गूगलचा भाग) खास अधिकार नसतात, ते इतर कुठल्याही अ‍ॅपसारखंच एक अ‍ॅप. मुख्य प्रोफाइल (प्रोफाइल म्हणजे फोनमधला स्वतंत्र कप्पा, त्याची अ‍ॅप्स आणि डेटा वेगळा) मी गूगलविना ठेवलं. सेटिंग्ज, सिस्टिम, युजर्स इथे जाऊन दुसरं प्रोफाइल उघडलं आणि तिथल्या अ‍ॅप स्टोअरमधून प्ले बसवलं. प्ले सर्व्हिसेसची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करायलाच हवी, नाहीतर प्लेवर अवलंबून असलेल्या अ‍ॅप्सची नोटिफिकेशन्स उशिरा येतात.

वेगळं प्रोफाइल कशाला, याचं ठोस कारण आहे. कुठलंही अ‍ॅप बसवताना इथे 'नेटवर्क' परवानगी नाकारता येते. पण एकाच प्रोफाइलमधली दोन अ‍ॅप्स आपसात संमतीने बोलू शकतात. म्हणजे इंटरनेट बंद केलेलं अ‍ॅपसुद्धा शेजारच्या अ‍ॅपमार्फत माहिती बाहेर पाठवू शकतं. प्रोफाइलची भिंत मध्ये आली की तो रस्ता बंद होतो. मराठी टंकनासाठी गूगलचा कीबोर्ड जीबोर्ड हवा असेल तर आधी भाषेची फाइल उतरवून घ्यायची आणि मग नेटवर्क काढायचं. तरी मी तो प्ले असलेल्या प्रोफाइलमध्ये वापरत नाही.

मुक्त स्रोत अ‍ॅप्स एफ-ड्रॉइड (अशा अ‍ॅप्सचं स्टोअर) किंवा ऑब्टेनियममधून (थेट निर्मात्याच्या पानावरून अ‍ॅप उतरवणारं अ‍ॅप) घेतली. एक अ‍ॅप एकाच ठिकाणाहून घ्यायचं आणि तिथूनच अपडेट करायचं. एफ-ड्रॉइडवरच्या बऱ्याच अ‍ॅप्सवर एफ-ड्रॉइडची स्वतःची डिजिटल सही असते. त्यामुळे प्लेवरून घेतलेल्या अ‍ॅपवर ती चढत नाहीत, आधीचं काढावं लागतं आणि त्यातला डेटाही जातो. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपला प्ले लागत नाही. ते स्वतःचं कनेक्शन उघडं ठेवतं, त्यामुळे ते मुख्य प्रोफाइलमध्येच आहे.

सगळ्यात जास्त वेळ यूपीआयला लागला. ही अ‍ॅप्स सुरुवातीला फोनवरून एसएमएस पाठवून सिम तपासतात, आणि दुसऱ्या प्रोफाइलला कॉल-एसएमएस मुळात बंद असतात. अ‍ॅपमध्ये परवानगी दिली तरी पडताळणी फिरत राहते आणि शेवटी फसते. मुख्य प्रोफाइलमधून युजर्समध्ये जाऊन त्या प्रोफाइलचं 'फोन कॉल्स आणि एसएमएस' सुरू केलं, तेव्हा काम झालं. दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलंच निवडा, आणि त्यावर एसएमएस जाण्याइतका बॅलन्स आहे का ते पाहा.

एक बँकेचं अ‍ॅप उघडताच बंद पडायचं. त्याच्या माहितीच्या पानावर 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड' सुरू केल्यावर ते चाललं. ही सवलत फक्त त्या अ‍ॅपपुरती असते, बाकी फोनचं संरक्षण तसंच राहतं. काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स (एरवी लपलेली तांत्रिक सेटिंग्ज) सुरू दिसले तरी अडतात. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा भाग, ग्राफीनओएस बसवताना तो अनलॉक करावा लागतो) परत लॉक करून 'ओईएम अनलॉकिंग' (तो अनलॉक करू देणारी सेटिंग) बंद केलं की ते ऑप्शन्सही बंद करून टाका. एवढं करूनही जी अडतात, त्यांतली बरीच प्ले इंटेग्रिटीच्या (फोनवरची सिस्टिम गूगलमान्य आहे का ते पाहणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) तपासणीत अडकलेली असतात. अ‍ॅप ही तपासणी करतंय अशी सूचना फोन देतो. त्यावर वापरणाऱ्याच्या हातात उपाय नाही, बँकेची वेबसाइट व्हॅनेडियममध्ये उघडावी.

व्हॉट्सअ‍ॅपला 'कॉन्टॅक्ट स्कोप्स' लावले, त्याला मी निवडलेलेच नंबर दिसतात. फोटोंसाठी 'स्टोरेज स्कोप्स': अ‍ॅपला वाटतं परवानगी मिळाली, पण दिसतात फक्त त्याने स्वतः बनवलेल्या आणि मी जोडून दिलेल्या फाइली. अ‍ॅप परवानगीवाचून पुढेच सरकत नसेल तेव्हा नकार देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काम झालं की प्ले असलेल्या प्रोफाइलचं 'एंड सेशन' दाबायचं. त्याच्या एन्क्रिप्शनच्या चाव्या मेमरीतून जातात आणि आतलं एकही अ‍ॅप चालू राहत नाही.