भिंतीतला फिशटँक आणि भिंतीमागचा चौकोन

भिंतीत फिशटँक बसवायचा म्हणलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पुढचीच बाजू येते, सोफ्यावर बसलोय, समोर काच, आत मासे फिरतायत वगैरे. माझंही तेच झालं. पहिल्या ड्रॉइंगमधे टँक ६ फूट बाय २ बाय २ असा झोकात काढला आणि मागे एक चौकोन काढून त्यात "फिल्टर" लिहिलं, झालं प्लॅनिंग! त्या चौकोनाने पुढे मला पार पिदडलं.

आधी वजनाचं उरकतो. ६×२×२ म्हणजे २४ घनफूट, एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे ६८० लिटरच्या आसपास पाणी आणि तेवढेच किलो. वर काच, दगड, वाळू, स्टँड धरलं की टनाच्या घरात जातं. जमीन पेलेल का, ती भिंत भार घेणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा, "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांना नाही. आणि टँक भिंतीवर टेकवायचा नाही. तो आपल्या स्टँडवर उभा राहणार, चहूबाजूंनी थोडी फट, पुढून ती फट झाकायला चौकट, तीही काढता येईल अशी.

आता मूळ मुद्दा, हात. शेवटी मी ड्रॉइंग बाजूला ठेवलं, रिकाम्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके टँकच्या मापात रचले आणि स्टुलावर चढून मागच्या बाजूने आत हात घातला. तेव्हा कळलं की पुढच्या काचेचा खालचा कोपरा मागच्या वरच्या कडेपासून तिरका मोजला तर जवळजवळ ३४ इंच लांब आहे, आणि माझा हात खांद्यापासून बोटापर्यंत २८. म्हणजे तिथे पडलेलं झाडाचं पान काढायचं तर अर्धा मी पाण्यावर ओणवा, वर डोक्याला लाइट आपटतोय! म्हणून मग लाइट वर उचलता येईल असा टांगला, टँकच्या वर २ फूट मोकळे सोडले, मागे ३ फुटांचा बोळ ठेवला आणि लांब चिमटा घेतला. बोळ ३ फूट ऐकायला खूप वाटतं, पण स्टूल, बादली आणि वाकलेला माणूस एवढं त्यात मावायचंय.

खालच्या संपचंही तसंच. संप म्हणजे टँकखालची दुसरी टाकी, वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेवरून सांडून पाइपने तिच्यात येतं, गाळलं जातं आणि पंप ते रिटर्न पाइपने परत वर चढवतो. संप कपाटात बसतो का एवढंच बघून चालत नाही, त्यातली फिल्टरची पिशवी सरळ वर उचलता आली पाहिजे, पंप बाहेर काढता आला पाहिजे, आणि उद्या संपच फुटला तर तो दारातून बाहेर निघाला पाहिजे. माझ्या पहिल्या मापात संपवर जेमतेम ५ इंच उरत होते. पिशवी निघालीच नसती.

प्लंबिंगमधे एक धडा मी फरशी पुसत शिकलो. टँकमधे नुसतं पाणी भरून टेस्टिंग चाललं होतं आणि रात्री लाइट गेली. पंप बंद पडला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंतच उतरतं असा माझा समज, पण रिटर्न पाइपचं तोंड मी ३ इंच पाण्याखाली ठेवलेलं, त्यामुळे तोच पाइप सायफन होऊन उलटा खाली ओतत बसला. आता हिशोब बघा, ६ बाय २ म्हणजे १२ चौरस फूट, त्यातलं १ इंच पाणी म्हणजे बरोबर १ घनफूट, २८ लिटर. ३ इंच म्हणजे ८५ लिटर, आणि संपमधे रिकामी जागा होती ५० लिटरची. बाकीचं कुठे गेलं ते सांगायला नको.

आता पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीखाली जेमतेम अर्धा इंच आहे आणि संपवर मार्करने रेघ मारलीय, चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर जाता कामा नये. लोक चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा म्हणतात, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून पाइपला छोटं भोक पाडा म्हणतात, पण व्हॉल्व्हमधे एखादी गोगलगाय अडकली किंवा भोकात शेवाळ बसलं की संपलंच, त्यामुळे ते असेल तर असू दे, पण भरवसा रिकाम्या जागेवरच ठेवायचा.

खाली येणारे पाइप तीन ठेवले. एक पूर्ण भरून वाहणारा, त्यावर प्रवाह कमीजास्त करायला गेट व्हॉल्व्ह (बॉल व्हॉल्व्हने बारीक ॲडजस्टमेंट होत नाही), दुसऱ्यातून जरासं पाणी, आणि तिसरा कायम कोरडा, पहिले दोन तुंबले तर. तिसऱ्याला प्लंबरदादा हसले, "वापरायचाच नाही तर लावताय कशाला?" तरी लावून घेतला. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सुटणारे जोड) घातले, नाहीतर पंप काढायला करवतच घ्यावी लागते. काचेची भोकं ऑर्डर देतानाच सांगा, टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला नंतर भोक पडत नाही, फुटते. आणि पंपावर छापलेला लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, ५ फूट वर चढवून दोन एल्बो लावले की तो बराच खाली येतो.

विजेचे सॉकेट संपच्या वर नाही, बाजूला आणि उंचावर, नुसता एमसीबी नको, आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एकदा लोंबू द्यायची म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथूनच टपकतं. बोळात एक्झॉस्ट फॅन आणि पाणी वाहून जायला जमिनीला जाळी, दोन्ही आधीच करून घ्या. बाष्पामुळे बंद बोळात बुरशी धरते.

सध्या टँक भरून दहावा दिवस आहे, चौकट अजून लावलेली नाही, मासे नाहीत. मी रोज रात्री मुद्दाम पंप बंद करतो, बोळात उकिडवा बसून पाणी संपच्या रेघेच्या वर किती चढतं ते बघतो आणि परत चालू करतो. घरचे म्हणतात, तू मासे आणणार आहेस का असाच पाइप बघत बसणार आहेस.