अडकित्ता नव्हे

दुपारची जेवणं झाली आणि अडकित्ता सापडेना. मला सुपारीची हुक्की महिन्यातून एखाद्या वेळी येते, आणि नेमका तेव्हाच तो दडी मारून बसतो. गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा तिथले काही डबे इकडे डोंबिवलीला आले होते. मुलाने माळ्यावरचा त्यातला एक काढला, चाचपला आणि म्हणाला, "हा घे. गंजलाय, पण आहे."

दोन दांडे, मध्ये खीळ, चिमट्यासारखी उघडझाप. पण पात्याच्या जागी दोन बोथट जबडे आणि प्रत्येकात कोरलेली अर्धी अर्धी वाटी. मिटले की आत पोकळ गोल.

"अरे, हा अडकित्ता नव्हे. हा पणजोबांचा साचा. गोळ्यांचा."

"होमिओपॅथीच्या?"

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती, हे त्याला आत्ता दुपारी दीड वाजता कुठून सांगायला घ्यायचं? राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. तिथे पीक सांभाळायला परवान्याची बंदूक वाडीत एखादी तरी असायचीच. परवान्यावर लिहिलेलं असे, एस.बी.एम.एल. म्हणजे एकनळी आणि तोंडाकडून भरायची, बस. पण शेजारच्या वकिलांच्या पाटीवर बी.ए., एल.एल.बी. असल्यामुळे ही आजोबांची पदवी आहे असं मी तिसरीपर्यंत धरून चालले होते.

गोळ्या पाडायचं काम मे महिन्यात, मागच्या पडवीत. खाडीवर पाग टाकणाऱ्या एका काकांकडून जुन्या जाळ्याची शिसं यायची. आजोबा ती लोखंडी पळीत घालून निखाऱ्यावर धरत. शिसं वितळायला तीनशे सत्तावीस अंश लागतात हे मी पुढे शाळेत शिकले. आजोबांचं माप म्हणजे वर राखाडी साय धरायची, ती बाजूला केली की खाली आरसा दिसायचा. आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत उभं करत, कारण पळीला पाण्याचा एक थेंब जरी लागलेला असला तरी शिसं तडतडून अंगावर उडतं. घामाचीसुद्धा त्यांना भीती. कपाळाला पंचा बांधलेला.

पहिल्या दोन-तीन गोळ्या सुरकुतलेल्याच निघत. साचा गार असतो ना. आजी चुलीजवळून म्हणायची, "पहिलं घावन मोडायचंच." मग साचा तापला की एकेक अशी गुळगुळीत पडायची की बघत राहावं. डोक्यावर शेंडी राहिलेली असे, ती कातरून टाकायची. शेंड्या परत पळीत. काही म्हणजे काही वाया जायचं नाही.

लाडू आजी वळायची आणि गोळ्या आजोबा पाडायचे, यात मला तेव्हा काही फरक वाटत नव्हता. अजूनही फार वाटत नाही. बारा बोअर म्हणतात ते तरी काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. प्रत्येकी पावणेअडतीस ग्रॅम. हे सरळ सरळ लाडवांचं गणित आहे: शेराचे बारा करायचे की सोळा, त्यावर आकार ठरतो. सोळा बोअर बाराहून लहान का, हे कुठल्याही सुगरणीला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि बारीक छर्ऱ्यांचं तर बुंदीशी सख्खं नातं. इंग्लंडात ब्रिस्टलला विल्यम वॉट्स नावाचा एक प्लंबर होता. त्याने १७८२ मध्ये पेटंट घेतलं ते याचंच: वितळलेलं शिसं झाऱ्यातून उंचावरून सोडायचं, थेंब पडता पडता आपोआप गोल होतात, खाली पाण्यात पडून थिजतात. उंची मिळावी म्हणून पठ्ठ्याने स्वतःच्या घराच्या मजल्यांना भोकं पाडली आणि वर मनोरा चढवला. त्याच्या बायकोचं काय म्हणणं होतं देव जाणे. माझ्या घरी गॅसवर बुंदी पाडली तरी ओटा तीन दिवस चिकट राहतो.

माझं काम पुड्यांचं. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. आमच्या घरी मात्र ते प्रकरण माझ्या जुन्या वह्यांच्या कागदाचं असे. एका बाराची दारू मोजून एका पुडीत, की रात्री अंधारात मापाची खटपट नको. पुढे शाळेत १८५७ च्या काडतुसांचा धडा आला, शिपायांनी ती दातांनी फाडायची असत, तेव्हा मी वर्गात उभी राहून सांगितलं की आमच्याकडे हातानेच फाडतात. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

दारूचीही तीच गत. आजोबा आयुष्यभर चहाच्या पुढे गेले नाहीत, पण आजी आल्यागेल्याला बिनदिक्कत सांगायची, "अंगणात नका जाऊ, ह्यांची दारू वाळत घातलीय." कुणी तंबाखूचा बार भरायचा, कुणी पोरीच्या लग्नाचा बार उडवायचा, कुणाचा बार फुसका निघायचा. बंदूक खुंटीवर आणि अख्खी वाडी बोलण्यात ठासत बसलेली.

कारण खरं सांगायचं तर त्या गोळ्या उडायच्या नाहीतच. वानर आले, रात्री डुकरं भातात शिरली, की आजोबा पुडी फाडून नळीत ओतायचे, वर सोडणाचा काथ्या, गजाने ठासायचे, केप बसवायचे, घोडा ओढायचे आणि आभाळाकडे तोंड करून नुसता आवाज. गोळ्या डब्यातच. आम्ही त्यांच्या गोट्या करायचो. एक गोळी लागली की समोरच्याची काचेची गोटी फुटायचीच. एक ओळंब्याला गेली. दोन काकाच्या गळाला.

मी सातवीत असताना एकदाच गोळी भरली. नाचणीचा एक तुकडा पुरता लोळवला होता डुकरांनी, त्या रागात. आवाज वेगळा आला, जाड. सकाळी बांधावर रक्त होतं. माग करवंदीच्या जाळीपर्यंत गेला आणि तिथे हरवला. आजोबा दोन दिवस त्या जाळीत काठी घेऊन हिंडत होते. सापडलं काहीच नाही. नंतरच्या मे महिन्यात पाग टाकणारे काका शिसं घेऊन आले, तेव्हा आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि शिसं तसंच परत पाठवलं. बंदूक पुढे एका निवडणुकीला चौकीत जमा केली, ती आणायला कुणी गेलं नाही.

बंदूक हा शब्दही मुळात नळीचा नाही, गोळीचा. अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट, ते टणक कवचाचं गोल फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून हत्यार. हे सगळं मी मुलाला सांगायला तोंड उघडलं तर तो केव्हाच मोबाइलमध्ये.

मग म्हटलं, बघू तर. साच्यात सुपारी ठेवली. बसली नाही. वाटी जेमतेम साडेअठरा मिलिमीटरची, आणि सुपारी चांगली टपोरी होती. दांडे दाबले तशी ती टुणकन उडून फ्रिजखाली गेली.

काढायचीय अजून.