गडगा उतरवून आत आलेला वॉर्ड

मे महिन्यात देवगड-निपाणी रस्त्यावरून घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांत बहुतेक एकच माल असतो, हापूस. त्या पिकअपच्या रांगेला बाजू देत आमचा ट्रेलर फोंडा घाट उतरला. वर एका रुग्णालयाच्या नव्या वॉर्डासाठी स्टीलच्या चौकटीचा तयार डबा: भिंतीत वायरी, नळ आणि ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या कारखान्यातच बसवलेल्या. नाक्यावर चहा पिणाऱ्या आजोबांनी विचारलं, "अख्खो दवाखानो गाडयेर घालून इलात?"

"अर्धाच, आजोबा. उरलेला मागून येतोय."

डब्याची रुंदी ना डॉक्टरांनी ठरवली होती, ना आर्किटेक्टनं. ती रस्त्यानं ठरवली. खास परवानगीशिवाय 2.6 मीटरपेक्षा रुंद गाडी चालवता येत नाही. रुग्णालयाच्या कॉरिडॉरला मात्र 2.4 मीटर मोकळी जागा हवी. दोन्ही भिंतींची जाडी धरली की एका डब्यात तो जेमतेमही बसत नाही. म्हणून एक बाजू उघडी असलेले डबे शेजारी ठेवून कॉरिडॉर सांध्यावर काढायचा, असं ठरलं होतं.

रुग्णालयाआधीचं शेवटचं वळण आम्ही मोजलेलं होतं. पण मधल्या काळात कोपऱ्यावरच्या बागायतदारानं गडगा, म्हणजे बागेचं दगडी कुंपण, नव्यानं रचला, तोही हातभर पुढे. ट्रेलरचं शेपूट वळेना. क्रेनचं भाडं तासावर चढत होतं आणि वरची विजेची लाइन दुपारपर्यंतच बंद मिळाली होती. बागायतदार पेट्या भरायचं काम टाकून आले. आता भरपाईची बोलणी निघणार, अशी तयारी मी मनात केली. त्यांनी नुसती गड्यांना हाक मारली. गडगा सुका, दगडावर दगड. वरच्या थरापासून एकेक दगड उतरवून कडेला क्रमानं मांडला, ट्रेलर आत गेला आणि संध्याकाळच्या आत गडगा परत उभा. आमच्या कंत्राटात 'जागेवर जुळवणी' नावाचं एक लांबलचक कलम आहे. इथं कुणी ड्रॉइंगसुद्धा मागितलं नाही.

पुढचं काम पटकन झालं, त्याचं श्रेय चौथऱ्याला. साध्या घरात बोटभर फरक प्लास्टरखाली दडतो. इथे चौथऱ्यातले बोल्ट आणि डब्याची भोकं काही मिलिमीटरच्या हिशेबात जुळावी लागतात. गावच्या गवंड्यानं जांभ्याच्या चिऱ्यांवरचा काँक्रीटचा पट्टा पाण्याच्या नळीनं लेव्हल केला होता. डबा खाली टेकला, बोल्ट सरळ आत. कारखान्यातून आलेला सुपरवायझर दोनदा वाकून बघून गेला.

या पद्धतीनं पैसे वाचतात असं कुणी सांगितलं, तर मी तरी मान डोलावणार नाही. वाहतूक आणि क्रेनच बरंच खातात. कोकणात तिचा उपयोग वेगळा. जून ते सप्टेंबरमध्ये इथं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. प्लास्टर सुकत नाही, रंग धरत नाही. ते सगळं काम घाटावर छपराखाली होऊन येतं. शिवाय जुना वॉर्ड शेजारी चालूच होता. तोडफोडीच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात गेले तर जिवावर बेततं. कमी धूळ ही तिथल्या डॉक्टरांची पहिली अट होती.

छपरावरून मात्र आमचं वाजलं. कारखान्यातलं छप्पर सपाट, कागदावर गळतीमुक्त. मी वर उतरतं दुसरं छप्पर घालायला लावलंच. खाऱ्या हवेत आणि आडव्या पावसात नुसत्या सीलंटवर माझा विश्वास नाही.

रात्री सांध्यावरच्या ऑक्सिजनच्या नळ्या जोडल्या. डाग देताना नळीतून नायट्रोजन सोडत राहावं लागतं, नाहीतर आतून काजळी धरते आणि तीच पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. मग दाब भरून चोवीस तास गेजवर नजर.

तेवढ्यात सिस्टर गणपतीची तसबीर, हातोडी आणि खिळा घेऊन आल्या. भिंत कुठली का असेना, मागे वायर किंवा नळी असणारच. मी हातोडी काढून घेतली आणि त्यांना चिकटवायचा हुक दिला. "यावर देव राहील का?" म्हणाल्या. दोन किलोपर्यंत राहील, म्हटलं.