मोठ्या कॅलिबरची रिव्हॉल्व्हर आणि स्टार व्हॅली

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या मोसमाआधी मोठ्या रिव्हॉल्व्हरवर हात बसवायचा म्हणून मित्राबरोबर वायोमिंगच्या स्टार व्हॅलीत गेलो. जागा मुद्दाम निवडली होती. बंदुका बनवणारे डिक कॅसुल यांनी १९५० च्या दशकात ज्या काडतुसावर प्रयोग सुरू केले, त्या .४५४ कॅसुलचं रिव्हॉल्व्हर १९८३ साली बाजारात आलं ते याच खोऱ्यातल्या फ्रीडम गावातून, फ्रीडम आर्म्स या कंपनीकडून.

आधी कागदपत्रांचं बघा. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक वा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेलीसुद्धा. मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो आधी काढा आणि खिशात ठेवा. वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ नंतर जन्मलेल्याला शिकारीसाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाइल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानात, मोठी शिकार करायची असेल, तर परवानाधारक गाइड किंवा स्थानिक रहिवासी बरोबर हवाच.

आमच्याकडे तीन रिव्हॉल्व्हर होती: .४४ मॅग्नम, .४५४ कॅसुल आणि स्मिथ अँड वेसनचं .५००. आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीचा साधारण व्यास इंचांत. पहिलं काडतूस १९५५ चं, शेवटचं २००३ चं. .४४ ची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम. .५०० ची ४०० ग्रेनपर्यंत सहज जाते आणि तिची ऊर्जा .४४ च्या दुपटीहून जास्त. लांब नळीचं .५०० हातात घेतलं की दोन किलोंच्या आसपास भरतं. ते वजन वैरी नाही, बार उडताना हाताला बसणारा धक्का तेच पचवतं.

नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडणारी भोकं, असला की धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला फेकला जातो. म्हणून कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत. शेजारी उभा राहणाऱ्यालाही.

सगळ्यात जपायचं ते सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, आणि नळीमधल्या फटीला. त्या फटीशेजारी कागद उभा करून एक गोळी झाडली. कागदाची कड चिंध्या होऊन काळी पडली. रायफलच्या सवयीने डाव्या हाताची बोटं पुढे सरकवणाऱ्याच्या अंगठ्याचं काय होईल, हे सांगायला नको. दोन्ही हात मुठीवर, अंगठे मागे.

.५०० पहिल्यांदा हाताळणाऱ्याला एकच काडतूस भरून द्या. धक्क्याने पकड सुटते, ती सावरताना बोट पुन्हा चापावर दाबलं जातं आणि दुसरी गोळी आकाशाच्या दिशेने जाते. दुसरी खबरदारी, सिलिंडरमध्ये उरलेल्या काडतुसांकडे लक्ष ठेवा. जोरदार धक्क्यांनी त्यांच्या गोळ्या केसमधून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचातून, पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकतं.

सराव हलक्या काडतुसांनी सुरू करावा. .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतं, .४५४ मध्ये .४५ कोल्ट. मग मित्राने मला न दाखवता भरलेल्या काडतुसांत रिकाम्या केस मिसळल्या. घोडा रिकाम्या केसवर पडतो तेव्हा नळी खाली झुकली, तर समजायचं की हात धक्क्याला आधीच घाबरलाय. एवढा प्रामाणिक गुरू दुसरा नाही. टेकू घेऊन नेम धरताना वाळूची पिशवी बंदुकीच्या सांगाड्याखाली किंवा मनगटाखाली ठेवा, नळीखाली नको. नाहीतर गोळ्या वर जातात. घोडा आधी चढवून घेतला की चाप हलका होतो, शिकारीत तसाच वापरावा.

माझं मत स्पष्ट आहे: एल्कला .४४ पुरतं, चांगली जड गोळी हवी आणि जनावर आपल्याकडे कूस करून उभं असावं. जमिनीवर बसलेल्या, दमलेल्या अवस्थेत प्रत्येक गोळी २० सेंटिमीटरच्या वर्तुळात जाते तेवढंच आपलं अंतर. मी ते ५० मीटरला थांबवलं. .५०० घेऊन त्याहून लांब मारण्याचा मोह होतो, पण जखमी जनावर रात्रभर तडफडत फिरण्याची जबाबदारी आपली असते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर निदान अर्धा मिनिट नळी लक्ष्याकडेच रोखून धरा. बार फुसका वाटला तर लगेच थांबा, बंदूक रिकामी करून नळी आरपार बघा, गोळी आत अडकलेली असू शकते. आणि जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुवा, शिसं हाताला लागलेलं असतं.