स्लॅबवरचा आकडा कोणाचा?

आज नौपाड्यात एका विक्रेत्याकडे १८६२चा व्हिक्टोरियाचा रुपया पाहिला. प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद कठीण डबीत, लेबलवर 'एमएस ६५' (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं; ६५ हा ७०पैकी दर्जाचा आकडा). ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचं नाव मात्र कधीच न ऐकलेलं. भिंग लावलं तर राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे! नाणं कुणीतरी घासून चकचकीत केलेलं. अशा नाण्याला एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्या आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' (नाणं खरं, पण घासण्यासारखा दोष असलेलं) असा शेरा मारतात. (घरातल्या जुन्या नाण्यांना कृपा करून चिंच-मीठ लावू नका.)

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी या दोनच कंपन्या धराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पीसीजीएस १९८६ची, एनजीसी १९८७ची, दोन्ही अमेरिकेतल्या. लेबलवरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकला की नोंद दिसते, बऱ्याचदा फोटोही. तो फोटो हातातल्या नाण्याशी डागासकट जुळवून पाहा, कारण बनावट स्लॅबही बाजारात येतात.

आणि साध्या, सहज मिळणाऱ्या रुपयाला ग्रेडिंग करून घेण्यात अर्थ नाही. फी, कुरियर, विमा धरून खर्च नाण्याच्या किमतीवर जातो.

आजचा रुपया मी घेतला नाही.