राजवाड्याच्या अंगणातलं गवताचं घर

हवाईच्या मोठ्या बेटावर लोक येतात ते ज्वालामुखी बघायला. आम्हीही बघितला. किलाउएआचं विवर, काळ्या वाळूचा किनारा, माउना केआवरची कडाक्याची थंडी, सगळं यथासांग झालं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, फोटोही माझ्यापेक्षा चांगले काढतात. मला लिहायचंय ते काइलुआ-कोना गावात ऐन समुद्रावर उभ्या असलेल्या हुलिहेए राजवाड्याबद्दल. त्याहूनही जास्त, त्याच्या मालकिणीबद्दल, रूथ केएलिकोलानीबद्दल. राजवाडा तिचा होता, आणि ती त्यात राहायला तयार नव्हती.

गावात पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. त्या दिवशी बंदराबाहेर क्रूझचं भलंमोठं जहाज नांगरलेलं होतं आणि लहान होड्यांतून माणसांचे लोंढेच्या लोंढे धक्क्यावर उतरत होते. अलीई ड्राइव्ह हा समुद्राला लागून जाणारा रस्ता खरं तर सुंदर आहे, पण त्या दिवशी नुसती टी-शर्टची दुकानं, बर्फाच्या गोळ्यासाठीच्या रांगा आणि गाडी लावायला जागा शोधत गोल गोल फिरणारे आमच्यासारखे लोक. कोनाला जाणार असाल तर जहाज कधी येणार ते आधी बघून घ्या आणि तो दिवस टाळा. आम्हाला हे कुणीही सांगितलं नाही. हॉटेलातल्या माणसाने राजवाड्याला “अर्धा तास खूप झाला” असं सांगून वर बोटीच्या सहलीचं पत्रक हातात ठेवलं, त्याचाही राग आहेच.

राजवाडा बाहेरून साधा दिसतो. दोन मजले, खाली-वर मिळून सहा दालनं आणि समुद्राच्या बाजूला दोन्ही मजल्यांवर लांबरुंद ओसरी, तिला तिथे लनाई म्हणतात. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी “एवढाच?” असं मोठ्याने विचारलं आणि तिकीट न काढता परत फिरले. मला त्यांचं वाईट वाटलं. युरोपातल्या महालांचं माप लावून इथे आलं तर निराशाच होणार. हे घर 1838 साली बेटाचा गव्हर्नर कुआकिनी याने बांधून घेतलं. जवळजवळ तीन फूट जाडीच्या भिंती, दगड लाव्हाचा, चुना समुद्रातलं पोवळं भाजून केलेला, लाकूड डोंगरातल्या कोआ आणि ओहिया वृक्षांचं. सगळा माल त्याच बेटाचा. समोर रस्त्यापलीकडे मोकुआइकाउआ चर्च आहे, तेही त्याच सुमाराला, 1837 साली, अशाच दगडांत पुरं झालं. हवाईमधली ही सर्वांत जुनी ख्रिस्ती मंडळी, 1820 ची. राजवाड्याच्या ओसरीवर उभं राहिलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला चर्चचा मनोरा, एवढ्यात त्या शतकाची सगळी ओढाताण दिसते.

आत फोटो काढायला बंदी होती. हा नियम मला मनापासून आवडला. माझा भाचा कुरकुरला, पण त्याच नियमामुळे सगळे हातातले फोन खिशात घालून नजर वर करून बघत होते.

खालच्या दालनात एक वयस्क हवाईयन बाई स्वयंसेवक म्हणून माहिती सांगायला उभ्या होत्या. मी आणि भाचा आपापसात बोलत होतो तेव्हा त्यांनी थांबवून विचारलं, “कुठली भाषा ही?” मी सांगितलं. “घरी हीच बोलता?” म्हटलं, हो, हा अमेरिकेत वाढला तरी माझ्याशी हीच बोलतो. त्या भाच्याकडे वळून म्हणाल्या, “मग तुम्हाला रूथ आवडेल. या माझ्याबरोबर.” जहाजावरची मंडळी टेबलाखुर्च्या बघत पुढे गेली आणि आम्ही त्यांच्यामागून जिना चढून वरच्या लनाईवर आलो.

रूथ केएलिकोलानी. जन्म 1826. हवाईची सगळी बेटं एका अंमलाखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहाची ही पणती. आई तिला जन्म देताना गेली. कुआकिनीचा दत्तक मुलगा लेलेइओहोकू हा तिचा नवरा, तो 1848 च्या गोवराच्या साथीत गेला, आणि पुढे हा राजवाडा तिच्याकडे आला. पोटची मुलं झाली, तीही तिच्या डोळ्यांदेखत गेली. मग दत्तक घेतला तोही ऐन तारुण्यात, 1877 साली गेला. बाहेरून आलेल्या रोगांनी ते बेटच्या बेट रिकामं होत चाललं होतं आणि तिचं घर त्याला अपवाद नव्हतं. तिची छायाचित्रं पाहिली की प्रथम दिसतो तो दांडगा देह, सहा फुटांवर उंची, आणि करारी, जराही न हसणारा चेहरा. त्या काळच्या गोऱ्या पाहुण्यांनी तिच्या रूपाबद्दल फार वाईट लिहून ठेवलंय. त्या बाईंनी त्यातलं एक अक्षरही आम्हाला सांगितलं नाही.

त्यांनी सांगितलं ते हे. 1855 पासून 1874 पर्यंत रूथ या बेटाची गव्हर्नर होती. तिला इंग्रजी समजत असे, पण ती इंग्रजीतून उत्तर देत नसे. दरबारी असो, व्यापारी असो, मिशनरी असो, ज्याला तिच्याशी काम असेल त्याने हवाईयन बोलावं, नाहीतर दुभाष्या घेऊन यावं. बायबलही तिने स्वीकारलं नाही. तिच्या नात्यातले बहुतेक सगळे बाप्तिस्मा घेऊन, इंग्रजी शिकून मोकळे झाले होते, तेव्हा. आणि हा दगडी वाडा तिने पाहुण्यांसाठी ठेवला. ती स्वतः राहायची अंगणात, पिली गवताने शाकारलेल्या घरात.

“ते घर कुठे होतं?” मी विचारलं. बाईंनी कठड्यावरून हात लांब करून खालची हिरवळ दाखवली. तिथे आज काहीही नाही. नारळाची झाडं आहेत आणि त्यांच्या सावलीत जहाजावरचे दोघंतिघं आडवे झाले होते. आमच्या कोकणात गवताने शाकारलेली घरं माझ्या लहानपणापर्यंत होती, दर पावसाआधी छप्पर नव्याने घालावं लागे. पैसा असलेल्या माणसाने कौलं घातली नाहीत असं मी तरी कधी पाहिलं नाही. आणि या बाईकडे सुमारे 3,53,000 एकर जमीन होती. हवाईमधली सर्वांत श्रीमंत स्त्री समुद्रवाऱ्यात, गवताच्या छपराखाली, चटयांवर झोपायची, कारण तिचे पूर्वज तसे झोपायचे. मी कठड्याला टेकून त्या हिरवळीकडे बराच वेळ बघत राहिले. खाली भाच्याची बायको हात करून बोलावत होती तरी हलावंसं वाटेना.

मग लाव्हाची गोष्ट. 1880 च्या नोव्हेंबरमध्ये माउना लोआ फुटला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचा लाव्हा बेटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हिलो गावाच्या अगदी तोंडाशी आला. चर्चमध्ये प्रार्थना चालू झाल्या. लोकांनी रूथला बोलावलं. ती गेली, लाव्हाच्या कडेला उभी राहिली, ज्वालामुखीची देवी पेले हिची जुनी स्तोत्रं म्हटली, लाल रेशमी रुमाल आणि ब्रँडी अर्पण केली. गाव वाचलं. भूगर्भशास्त्राचे लोक म्हणतील की प्रवाह तसाही थंडावतच आला होता, आणि ते बरोबरही असेल. पण एक गोष्ट त्या बाईंनी फार नेमकी सांगितली: गावावर वेळ आली तेव्हा बाप्तिस्मा झालेली माणसंच तिच्या दारात गेली.

दोन वर्षांनी ती आजारी पडली. होनोलुलूत तिने केओउआ हाले नावाचा नवाकोरा महाल बांधला होता, राजाच्या इओलानी पॅलेसहून मोठा. वैद्यांनी हवापालटाला पाठवलं तेव्हा ती इथे आली. 24 मे 1883 रोजी तिचा शेवट झाला, तोही वाड्यात नाही, अंगणातल्या त्या गवताच्या घरात.

पुढचा इतिहास मी भरभर ऐकला, मन खालीच होतं. राजवाडा राजा कालाकाउआकडे गेला. हा राजा 1881 साली जगाच्या प्रवासाला निघाला होता आणि वाटेत कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईत येऊन गेला. ऊसमळ्यांसाठी मजूर मिळवणं हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला गादीवरचा राजा. परत आल्यावर त्याने या वाड्याला आतून-बाहेरून गिलावा केला, ओसरी वाढवली, छताला सोनेरी नक्षी आणली. आज दिसतो तो कालाकाउआचा वाडा. मला ते पटलं नाही. लाव्हाचा काळा दगड उघडा असताना समुद्रासमोर हे घर कसं दिसत असेल, या विचाराने मी फार हळहळले. त्याला परदेशी पाहुण्यांपुढे आपलं राज्य बरोबरीचं दाखवायचं होतं, हे समजतं. तरीही.

1893 साली राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं गेलं, 1898 मध्ये अमेरिकेने बेटं घेतली आणि हा वाडा ओस पडत गेला. सामान लिलावात निघालं. इथे बाईंचा आवाज बदलला. विकताना प्रत्येक वस्तूला क्रमांक घातला होता आणि कुठली वस्तू कुणी नेली याची नोंद ठेवली होती. पुढे 1920 च्या दशकात ‘डॉटर्स ऑफ हवाई’ या संस्थेच्या बायकांनी वाडा पाडण्यापासून वाचवला आणि त्या नोंदीवरून एकेका घरी जाऊन सामान परत मागितलं. पुष्कळांनी दिलं. खाली आल्यावर मी कोआच्या लाकडाचं ते मोठं गोल जेवणाचं टेबल पुन्हा नीट बघितलं. लाकडात पाण्यासारख्या लहरी आहेत, आणि उजेडाच्या बाजूने बघितलं तर त्या हलल्यासारख्या वाटतात. 2006 च्या भूकंपात भिंतींना तडे गेले, 2011 ला जपानकडून आलेल्या त्सुनामीचं पाणी तळघरात शिरलं, तरी सगळं दुरुस्त करून दारं उघडी ठेवली आहेत. यातली बरीच माणसं बिनपगारी राबतात. त्या बाईंनी आम्हाला जेवढा वेळ दिला तेवढा वेळ कुठल्याही पैसे मोजून घेतलेल्या सहलीत मला कुणी दिला नव्हता.

निघताना मी त्यांना विचारलं, रूथच्या जमिनीचं काय झालं? ती तिने आपली मावसबहीण बर्निस पाउआही हिला दिली. पाउआही 1884 साली गेली आणि तिच्या मृत्युपत्रातून हवाईयन मुलांसाठी कामेहामेहा शाळा निघाल्या. पहिली 1887 मध्ये. पण 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषाच हद्दपार झाली. तिच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या शाळांतली मुलंही पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीतच शिकली. बाईंना त्यांची आजी बोलायची ती भाषा येत नव्हती. साठी उलटल्यावर त्या शिकायला लागल्या, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यावर काय बोलावं हे मला सुचलं नाही, मी नुसता त्यांचा हात धरला.

परतीच्या वाटेवर होनोलुलूत वेळ होता. बीचवर जायचं सगळ्यांचं ठरलं होतं. मी म्हटलं, मला केओउआ हालेची जागा बघायची आहे. महाल केव्हाच पाडलाय, तिथे आता सरकारी शाळा आहे, आणि अलीकडे तिला रूथचं नाव दिलंय. “मावशी, शाळेत बघायला काय आहे?” भाचा म्हणाला. मी गाडी तरी थांबवायला लावली आणि फाटकावरचं तिचं लांबलचक नाव त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.