हाइनेचं कमळ आणि माउलींची कुमुदिनी

ड्युसेलडॉर्फच्या जुन्या भागात बोल्करस्ट्रासे नावाचा रस्ता आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. हातात बिअरचे पेले घेतलेली माणसं दारूच्या गुत्त्यांबाहेर रस्त्यापर्यंत आलेली असतात. याच रस्त्यावर ५३ क्रमांकाच्या जागी १७९७ साली हाइनरिश हाइने हा कवी जन्मला. चार वर्षं मी तिथून येजा करत होते, पण त्याची कविता पहिल्यांदा वाचली ती गेल्या हिवाळ्यात, संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात. वाचली आणि लगेच हात वर केला. म्हटलं, कवीचं इथे चुकलंय.

कविता अवघ्या बारा ओळींची. कमळाला सूर्याच्या झगमगाटाची भीती वाटते. मान खाली घालून, स्वप्नात हरवून ते रात्रीची वाट पाहतं. चंद्र हा त्याचा प्रियकर. तो आपल्या प्रकाशाने त्याला जागं करतो आणि मग ते आपला निष्पाप चेहरा त्याच्यासमोर उघडतं. फुलतं, पेटून उठतं, उजळतं, मुक्यानेच वर पाहत राहतं. दरवळतं, रडतं, थरथरतं. प्रेमाने आणि प्रेमाच्या दुःखाने.

कमळ आणि सूर्याला भिणारं? मी वर्गाला सांगितलं की आमच्याकडे कमळ उमलतं ते सूर्य उगवल्यावर. संध्याकाळी पाकळ्या मिटतात आणि मध खाण्यात गुंगलेला भुंगा रात्रभर आत अडकून पडतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. बाई शांतपणे म्हणाल्या, "हाइने भारतात कधीच गेला नव्हता." वर्ग पुढच्या कवितेकडे वळला.

रविवारी साताऱ्याला फोन केला तेव्हा हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, चंद्राला पाहून फुलते ती कुमुदिनी. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली ओवी विसरलीस?" आणि म्हणूनच दाखवली:

कां आपुला ठावो न सांडितां । आलिंगिजे चंद्रु प्रगटतां ।
हा अनुरागु भोगितां । कुमुदिनी जाणे ॥

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. १२९० साली नेवाशात लिहिलेल्या ओवीत आणि ऱ्हाइनकाठच्या कवीच्या १८२३ सालच्या कवितेत तेच फूल, तोच चंद्र.

चूक हाइनेची नव्हती, माझीच होती. दिवसा उमलणारं कमळ वेगळं आणि रात्री उमलून सकाळी उशिरा मिटणारं कुमुद वेगळं. संस्कृत कवींनी हा भेद काटेकोर पाळला: कमळाचा सखा सूर्य, कुमुदाचा चंद्र. जर्मनमध्ये मात्र 'लोटोसब्लूमे' या एकाच शब्दात दोन्ही फुलं मावतात. भारत न पाहिलेल्या हाइनेच्या आसपास भारत होताच. बॉनला शिकताना त्याने आउगुस्ट विल्हेल्म श्लेगलची व्याख्यानं ऐकली होती. १८१८ पासून तिथे प्राध्यापक असलेल्या या श्लेगलने संस्कृतचा अभ्यास जर्मनीत रुजवला आणि १८२३ मध्येच गीतेचा लॅटिन अनुवाद छापला. 'शाकुंतल' तर १७९१ पासून जर्मनमध्ये वाचलं जात होतं.

मग मी ती कविता पुन्हा उघडली, या वेळी लिंगं तपासत. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि हे फूलही स्त्रीलिंगी. मराठीत सांगताना मी 'ते कमळ' म्हटलं आणि तिथेच अर्धी कविता सांडली. मूळ कवितेत एक लाजरी मुलगी दिमाखदार बाईसमोर मान खाली घालून उभी आहे आणि तिच्या जाण्याची वाट पाहते आहे. 'कुमुदिनी' म्हटलं की हे सगळं मराठीत परत येतं. शिवाय ज्या देशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन दिसलं की माणसं कोट घालून का होईना बाकावर जाऊन बसतात, तिथल्या वाचकाला उन्हाला भिणारं फूल किती दूरचं, किती परकं वाटलं असेल!

चंद्रासाठी हाइनेने 'बूले' हा जुना शब्द वापरलाय. त्याला चोरट्या प्रेमाचा वास आहे. आणि लगेच पुढे फुलाच्या चेहऱ्याला विशेषण दिलंय ते देवभोळ्या, निरागस माणसाला शोभेलसं. ही मुलगी लपून भेटते आहे आणि तरीही निर्मळ आहे, हे त्याला एकाच कडव्यात म्हणायचंय. माझ्या मते कवितेचा जीव इथे आहे. संगीतकार शूमानलाही तो तिथेच दिसला असावा. १८४० मध्ये, लग्नाच्या वर्षी, क्लारासाठी बांधलेल्या गाण्यांमध्ये त्याने ही कविता घेतली आणि चंद्राचं नाव येताच चाल एकदम दुसऱ्याच स्वरात जाते. बाईंनी वर्गात ते ऐकवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण हाइनेची मुलगी शेवटी रडते. चंद्र वर, ती खाली, मध्ये सगळं आकाश. त्याचीच दुसरी एक कविता आहे: उत्तरेच्या उघड्या टेकडीवर बर्फ पांघरून पेंगणारा सूचिपर्णी वृक्ष दूर पूर्वेकडच्या, तापल्या कड्यावर एकट्याने झुरणाऱ्या ताडाचं स्वप्न पाहतो. जर्मनमध्ये वृक्ष 'तो', ताड 'ती'. तिथेही भेट नाहीच.

माउलींची कुमुदिनी जागची हलत नाही, आणि तरी 'आलिंगिजे' म्हणतात ते. अंतर तेवढंच आहे, पण तिला ते आड येत नाही. ही ओवी प्रेमिकांसाठी नाहीच, ती श्रोत्यांसाठी आहे. आधीच्या ओवीत भुंगे पराग नेतात आणि कमळाच्या पाकळ्यांना ते कळतही नाही. हा ग्रंथ तसा सेवावा, असं सांगून माउली कुमुदिनीकडे येतात. मी पहिल्या दिवशी हात वर करून कविता तपासायला गेले होते, ते आठवलं.

पुढच्या मंगळवारी वर्गात मी ओवीचं जर्मन भाषांतर वाचलं. कुमुदिनीला 'झेरोझे' म्हटलं. तीही स्त्रीलिंगी, त्यामुळे काही सांडलं नाही. बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सीरियन मुलाची बायको अजून व्हिसासाठी थांबली आहे. त्याने विचारलं, "हिला रडू येत नाही?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने आपल्या वहीत ती ओवी अरबीत उतरवून घेतली.